वाचलेला वेळ तपासणीलाच मिळावा

इन्सुलिनची कुपी घरात आली की तिच्याबरोबर सूचनांची एक यादीही येते. फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठू देऊ नका, उन्हात नेऊ नका, जोरजोरात हलवू नका. मधुमेही माणूस असलेल्या बहुतेक घरांत या सूचना पाठ असतात आणि पाळल्याही जातात. त्या का पाळायच्या, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. तापाच्या गोळ्यांच्या पाकिटाला असले सोवळे लागत नाही. ते कपाटात, पर्समध्ये, गाडीच्या कप्प्यात कुठेही पडून राहते. मग इन्सुलिनचे एवढे लाड कशासाठी?

कारण आहे रेणूच्या आकारात. पॅरासिटामॉलचा रेणू लहान आणि घट्ट बांधणीचा. त्याचे रेणुभार मोजण्याच्या एककात वजन साधारण १५१ भरते. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन. त्याचे वजन सुमारे ५,८००. कर्करोगावर किंवा संधिवातावर दिली जाणारी प्रतिपिंडे, म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, अ‍ॅडॅलिमुमॅब यांसारखी औषधे, दीड लाखाच्या घरात जातात. म्हणजे पॅरासिटामॉलच्या जवळपास हजारपट. असा अवाढव्य रेणू लांबलचक साखळीची नेमकी घडी घालून तयार झालेला असतो, आणि ती घडीच त्याचे काम करते. उष्णता, गोठणे, हादरे, हवेचे बुडबुडे, अगदी काचेच्या भिंतीचा स्पर्शसुद्धा ही घडी थोडी सैल करू शकतो. घडी सुटलेले रेणू एकमेकांना चिकटतात. दोनाचे जोड, चाराचे गट आणि पुढे मोठाले पुंजके बनतात. सुरुवातीचे पुंजके डोळ्यांना दिसत नाहीत. कुपी स्वच्छ, पारदर्शकच दिसते.

असे पुंजके शरीरात गेले तर औषधाचा काही भाग वाया जातो, एवढेच नुकसान असते तर चिंता कमी होती. पण रोगप्रतिकार यंत्रणेला अनेक सारख्या रेणूंची एकत्र गर्दी म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागासारखी वाटू शकते. ती त्या गर्दीवर तुटून पडते. रक्तातून वेगळ्या काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या बाबतीत हे फार लवकर लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ही प्रथिने स्नायूत टोचली जात होती, पण शिरेतून दिली की अनेक रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येत. या प्रतिक्रियांमागे प्रथिनांचे पुंजके आहेत, हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवले. त्यानंतर पुंजके कमी करण्याच्या पद्धती शोधल्या गेल्या, म्हणून आज हे औषध शिरेतून देता येते. युरोपीय औषधकोश शिरेतून देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये मोठ्या पुंजक्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. औषधासाठी वापरायच्या मानवी इन्सुलिनच्या बाबतीत इन्सुलिनपेक्षा मोठ्या रेणूंची मर्यादा त्याहून कडक, एक टक्का आहे.

आता प्रश्न असा, की डोळ्यांना न दिसणारा एक टक्का मोजायचा कसा? इथे जी पद्धत वापरली जाते, तिच्याविषयी सर्वसामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच काही येते. रेणूंना त्यांच्या आकारानुसार वेगळे करणारी ही क्रोमॅटोग्राफी. गेल्या दीड दशकात तिने वेगाची मोठी झेप घेतली आहे. ज्या चाचणीला अर्धा तास लागत असे, ती आता पाच मिनिटांच्या आसपास होऊ शकते. उपकरणांच्या जाहिरातींत या झेपेचे वर्णन ‘वेळेची बचत’ असे केले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. वाचलेला वेळ कोण वापरणार आणि कशासाठी, हा यातला खरा प्रश्न आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. चाळणीतून पीठ चाळताना बारीक कण आधी खाली पडतात आणि जाडे वर राहतात. या क्रोमॅटोग्राफीत नेमके उलटे होते. मोठे आधी बाहेर येतात. एका नळीत सूक्ष्म, सच्छिद्र गोळ्या ठासून भरलेल्या असतात. नळीतून द्रव सतत वाहत असतो आणि त्यात नमुन्याचा एखादा थेंब सोडला जातो. एखाद्या जुन्या पेठेतून गणपतीची मिरवणूक निघाली की ती हमरस्त्यानेच जाते; बोळात शिरायला तिला जागाच नसते. सायकलवरचा पोरगा मात्र या बोळातून त्या बोळात वळतो, मागच्या अंगणातून फिरतो आणि पेठेच्या दुसऱ्या टोकाला उशिरा पोहोचतो. तसेच इथे. मोठा पुंजका गोळ्यांच्या छिद्रांत शिरू शकत नाही, तो गोळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ पुढे निघतो. एकटा रेणू काही छिद्रांत डोकावतो आणि थोडा रेंगाळतो. तुटलेले बारीक तुकडे प्रत्येक छिद्रात जाऊन सर्वांत शेवटी बाहेर पडतात. नळीच्या टोकाशी अतिनील प्रकाशाचा शोधक बसवलेला असतो. कोणत्या क्षणी किती प्रथिन बाहेर पडले याचा तो आलेख काढतो. आलेखावर आधी एक छोटी टेकडी दिसते, ती पुंजक्यांची. मग मोठे शिखर, ते खऱ्या औषधाचे. शेवटी तुकड्यांची बारीक चढउतार. टेकडीचे क्षेत्रफळ मोजले की पुंजक्यांची टक्केवारी मिळते.

क्रोमॅटोग्राफीचा जन्म रंगांतून झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या नळीतून सोडली आणि त्यांचे वेगवेगळे पट्टे उमटलेले पाहिले. ‘रंगांचे लेखन’ असा अर्थ असलेले नाव तिथूनच आले. पण त्या पद्धतीत वेगळेपणा येत होता तो भुकटीला चिकटण्याच्या कमीजास्त ओढीमुळे. आकारावरून वेगळे करण्याची कल्पना बरीच नंतरची. लंडनमधील क्वीन शार्लट्स या प्रसूतिगृहातील लेथ आणि रुथवेन यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यावर मक्याच्या फुगवलेल्या स्टार्चने भरलेल्या नळीतून वेगवेगळ्या आकाराचे रेणू वेगळे करून दाखवले. स्टार्च मात्र मऊ आणि बेभरवशाचा होता. स्वीडनमधील उप्साला येथे येर्कर पोराथ आणि पेर फ्लोदिन यांनी डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्या एकमेकींना बांधून पाण्यात फुगणाऱ्या गोळ्या बनवल्या. १९५९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘सेफाडेक्स’ या नावाने या गोळ्या बाजारात आल्या. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत जॉन मूर यांनी पॉलिस्टायरीनच्या गोळ्या वापरून तोच नियम प्लास्टिकच्या साखळ्यांना लावला. जैवरसायनाची प्रयोगशाळा आणि प्लास्टिकचा कारखाना एकाच तत्त्वावर काम करू लागले.

सेफाडेक्सच्या गोळ्या मऊ होत्या. जोर लावून द्रव ढकलला की त्या दबत आणि नळी तुंबत असे. त्यामुळे द्रव थेंबाथेंबाने सोडावा लागे. एक नमुना वेगळा व्हायला कित्येक तास लागत. संध्याकाळी लावलेला प्रयोग सकाळी पाहायचा, ही प्रयोगशाळांची रीतच होती. सिलिकाच्या कडक गोळ्या आल्या तसा पंपाचा दाब वाढवता आला आणि वेळ अर्ध्या तासावर आली. बराच काळ औषध उद्योग या अर्ध्या तासावर स्थिरावला होता. २०१० च्या सुमारास दोन मायक्रॉनपेक्षाही लहान गोळ्यांच्या नळ्या या कामासाठी उपलब्ध झाल्या आणि पुढची झेप शक्य झाली.

गोळी लहान केल्याने वेग का वाढतो? मोठा रेणू द्रवात फार आळसाने सरकतो. छिद्रात जाऊन परत यायला त्याला वेळ लागतो. द्रव वेगाने वाहवला तर काही रेणू अजून छिद्रातच असताना त्यांचे भाऊबंद पुढे निघून जातात, शिखर पसरट होते आणि टेकडी त्यात बुडून जाते. असे सरकायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गोळीचा व्यास निम्मा केला तर आतबाहेर करण्याचा वेळ एक चतुर्थांश होतो. त्यामुळे द्रव जलद वाहवूनही शिखरे वेगवेगळी राहतात, आणि नळीही आखूड चालते. या सोयीची किंमत दाबात मोजावी लागते. गोळीचा व्यास पाच मायक्रॉनवरून १.७ मायक्रॉनवर आणला, तर तेवढ्याच लांबीच्या नळीतून तेवढ्याच वेगाने द्रव ढकलायला सुमारे नऊपट दाब लागतो. त्यासाठी वेगळा पंप, वेगळे जोड आणि एकूणच वेगळे यंत्र घ्यावे लागते.

वेळ वाचवायची एक युक्ती मात्र जुन्या यंत्रावरही चालते. या पद्धतीत सर्वांत मोठा रेणूसुद्धा गोळ्यांमधल्या मोकळ्या जागेतील द्रव बाहेर ढकलल्याशिवाय बाहेर पडत नाही. म्हणजे नमुना सोडल्यापासून साधारण पहिला एक तृतीयांश वेळ शोधकासमोर काहीच येत नाही. मग पहिल्या नमुन्याचे शेवटचे तुकडे बाहेर पडण्याची वाट न पाहता दुसरा नमुना आत सोडला तर? वेळेचे गणित नीट जमवले, तर पहिल्याचे शेपूट संपते तेव्हा दुसऱ्याचे डोके बाहेर येऊ लागते. नवे यंत्र न घेता कामाचा वेग वाढतो. तेव्हा वेग म्हणजे केवळ श्रीमंत कंपन्यांची चैन, हा समज बरोबर नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. ही चाचणी पाच मिनिटांत झाली म्हणून औषध दुकानात लवकर पोहोचते का? तर नाही. टोचायच्या प्रत्येक औषधाला निर्जंतुकतेची चाचणी द्यावी लागते आणि तिच्या नेहमीच्या पद्धतीत नमुना १४ दिवस उबवणीत ठेवून जंतू वाढतात का ते पाहतात. जिथे १४ दिवस थांबायचेच आहे, तिथे २५ मिनिटे वाचल्याने रुग्णाच्या पदरात काही पडत नाही. वेगाचा उपयोग निकालाचा कागद लवकर फाडण्यासाठी करायचा, असे मानले तर या तंत्रज्ञानात फारसा अर्थ उरत नाही.

अर्थ आहे तो संख्येत. प्रयोगशाळेत नमुने ९६ खोलगट खळग्यांच्या तबकात ठेवतात. प्रत्येकी अर्धा तास धरला तर एका तबकाला ४८ तास लागतात, म्हणजे यंत्र दोन दिवस आणि दोन रात्री अडकते. प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर तेच काम आठ तासांत, एका पाळीत संपते. यंत्र एकच, माणसे तेवढीच, तपासलेले नमुने सहापट. जिथे प्रत्येक बॅचमधला एक नमुना तपासणे परवडत होते, तिथे सहा तपासता येतील. किंवा तेच औषध सहा वेगवेगळ्या टप्प्यांवर पाहता येईल: पेशींच्या टाकीतून काढल्यावर, शुद्ध केल्यावर, कुपीत भरल्यावर, गोदामात सहा महिने राहिल्यावर, ट्रकने हजार किलोमीटर गेल्यावर आणि शेवटी दुकानाच्या फ्रिजमधून उचलल्यावर.

या यादीतले शेवटचे दोन टप्पे सर्वांत दुर्लक्षित आहेत. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना औषध कसे होते, याची कागदपत्रे भरपूर असतात. रुग्णाच्या दंडात शिरताना ते कसे होते, याची माहिती तुलनेने फारच थोडी. विदर्भातल्या मे महिन्यात, वीज जाऊन-येऊन असणाऱ्या तालुक्याच्या गावात, कुपीने काय सोसले हे तिच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. औषध निरीक्षक बाजारातून नमुने उचलतात, तो त्यांचा अधिकारच आहे. पण प्रथिनयुक्त औषधांची तपासणी किचकट आणि वेळखाऊ असल्याने उचलायच्या नमुन्यांवर आपोआप मर्यादा येते. त्यातली वेळखाऊपणाची अडचण आता दूर होण्यासारखी आहे. वाचलेला वेळ पहिल्यांदा इथे खर्च व्हायला हवा.

हा आग्रह का धरायचा, याचे उत्तर इतिहासात आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक टोचले जाते. १९९८ मध्ये युरोपात आणि इतरत्र विकल्या जाणाऱ्या अशा एका औषधाच्या मिश्रणात बदल झाला. त्यात स्थैर्यासाठी घातले जाणारे मानवी अल्ब्युमिन काढून दुसरा पदार्थ वापरला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत काही रुग्णांमध्ये विचित्र आजार दिसू लागला. त्यांच्या शरीराने टोचलेल्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, आणि त्या प्रतिपिंडांनी शरीरात नैसर्गिकपणे तयार होणारे संप्रेरकही निकामी केले. तांबड्या पेशी बनणेच थांबले. रक्त वाढवण्यासाठी औषध घेणारी माणसे वरचेवर रक्त चढवून घेण्यावर अवलंबून राहिली. फ्रान्समधील संशोधकांनी २००२ मध्ये अशा १३ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली तेव्हा जगभरातले डॉक्टर सावध झाले. नेमके कारण काय, यावर पुढे बरीच वर्षे चर्चा झाली. रबरी बुचातून झिरपणारे पदार्थ, साठवणीतील हयगय आणि प्रथिनांचे पुंजके हे सारे संशयितांच्या यादीत होते. त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत दोन रुग्णांना असाच त्रास झाला, तेव्हा तपासाची सुई सिरिंजपर्यंत पोहोचली. सिरिंजच्या काचेला भोक पाडताना वापरलेल्या टंगस्टनच्या पिनेचे सूक्ष्म अवशेष आत राहिले होते आणि त्यांनी प्रथिनांचे पुंजके घडवले होते. औषध चांगले, कारखाना चांगला. चूक होती ती भांड्यात. भरण्याआधी तपासलेल्या नमुन्यात ती सापडणे शक्यच नव्हते.

आकार नुसता धोका टाळण्यासाठी मोजायचा असतो असेही नाही. कधीकधी औषधाचा गुणच आकारात असतो. मेंदूज्वराच्या जीवाणूंवरील शर्करेपासून लस बनवण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले होते, कारण शुद्ध करताना शर्करेच्या लांब साखळ्या तुटून आखूड होत आणि माणसाचे शरीर त्यांची दखल घेत नसे. एमिल गोत्शलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत साखळ्या न तोडता त्या वेगळ्या करण्याची रीत बसवली आणि लस लागू पडली. तेव्हापासून अशा लसींच्या बाबतीत साखळ्यांचा आकार तपासणे हा गुणवत्तेचा पाया मानला जातो. या परंपरेतली एक मोठी कामगिरी पुण्यात घडली. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून सीरम इन्स्टिट्यूटने ‘अ’ गटाच्या मेंदूज्वरावर शर्करा आणि धनुर्वाताचे निष्प्रभ विष यांना जोडून लस बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये तिची मोहीम सुरू झाली. किंमत होती मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. पुढच्या वर्षांत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोट्यवधी लोकांना ती मिळाली आणि ‘अ’ गटाचा मेंदूज्वर तिथून जवळपास नाहीसा झाला. स्वस्त लस आणि कसून तपासलेली लस या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, याचा हा घरचाच दाखला. तपासणी जितकी जलद आणि कमी खर्चाची, तितके हे दोन्ही साधणे सोपे.

या सगळ्याला आज आणखी एक निकड आली आहे. मूळ जैवऔषधाचे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्या त्याच्यासारखे औषध बनवतात. त्यांना बायोसिमिलर म्हणतात. भारत या क्षेत्रात आघाडीवर आहे आणि कर्करोगाच्या कित्येक रुग्णांना उपचार परवडू लागले ते या औषधांमुळेच. साध्या गोळीची जेनेरिक आवृत्ती मूळ रेणूची हुबेहूब प्रत असते. दीड लाख वजनाचे, जिवंत पेशींत बनणारे प्रथिन अगदी हुबेहूब बनवता येत नाही. ते पुरेसे सारखे आहे हे सिद्ध करावे लागते. भारतात यासाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. आता जगाचा कल असा आहे, की प्रयोगशाळेतील तुलना पक्की असेल तर रुग्णांवरील मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आग्रह धरू नये. ब्रिटनच्या नियामकाने २०२१ मध्येच बहुतेक बायोसिमिलरसाठी अशी परिणामकारकता चाचणी आवश्यक नाही, अशी भूमिका घेतली. हे धोरण शहाणपणाचे आहे. त्याने औषधे स्वस्त होतील आणि रुग्णांना निष्कारण चाचण्यांना सामोरे जावे लागणार नाही. पण याचा अर्थ असाही होतो, की जो भार पूर्वी इस्पितळातल्या शेकडो रुग्णांच्या निरीक्षणांवर होता, तो आता प्रयोगशाळेतल्या आलेखांवर येऊन पडतो. त्या आलेखांची संख्या आणि विश्वासार्हता वाढायलाच हवी.

इथे वेगाच्या भक्तांनाही एक इशारा द्यायला हवा. पाच मिनिटांत मिळालेला स्वच्छ आलेख हे अंतिम सत्य नाही. नळीत शिरताना नमुना पातळ होतो, आणि सैलसर जोडलेले पुंजके तेवढ्याने सुटू शकतात. फार मोठे पुंजके नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीतच अडकतात आणि शोधकापर्यंत पोहोचतच नाहीत. काही रेणू गोळ्यांना चिकटून राहतात. नव्या, उच्च दाबाच्या नळ्यांत घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि जोरदार प्रवाहाचा ताण पडतो. त्यामुळे मोजणीच मोजायच्या वस्तूला बदलू शकते. म्हणून जाणकार मंडळी या निकालाची अधूनमधून दुसऱ्या पद्धतीशी गाठ घालून देतात. वेगाने फिरवून वजनानुसार रेणू खाली बसवणारे अतिवेगी सेंट्रिफ्यूज ही त्यातली एक. तिचा उगमही उप्सालाच. थिओडोर स्वेडबर्ग यांनी ते १९२०च्या दशकात तिथे घडवले. त्यात नळी नाही, गोळ्या नाहीत, चिकटायला काही नाही. पण मोजक्याच नमुन्यांना कित्येक तास लागतात. जलद पद्धतीने वाचवलेल्या तासांतले काही तास या संथ साक्षीदाराला दिले, तर दोन्हींची साक्ष अधिक बळकट होईल.

आणि आकार सगळेच सांगत नाही. २००७-०८ मध्ये अमेरिकेत हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने अनेक रुग्णांना अचानक तीव्र प्रतिक्रिया आल्या, काही दगावले. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात हेपारिनसारखाच दिसणारा दुसरा पदार्थ मिसळलेला होता. त्याच्या साखळ्यांचा आकार हेपारिनच्या इतका जवळचा होता, की केवळ आकारावर भिस्त ठेवणाऱ्या चाचणीला तो चकवून गेला असता. तो पकडला गेला तो चुंबकीय अनुनादासारख्या वेगळ्या तंत्रांनी. एकाच चाचणीवर विसंबणे धोक्याचे असते, मग ती कितीही जलद असो. उलट ती जलद असेल तर तिच्यावरच भागवण्याचा मोह अधिक.

मग करायचे काय? पहिली गोष्ट सरकारी प्रयोगशाळांची. इन्सुलिन, एरिथ्रोपोएटिन, इम्युनोग्लोब्युलिन यांसारख्या जैवऔषधांच्या तपासणीसाठी देशात नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था आहे. एवढ्या मोठ्या देशाचा आणि वाढत्या उद्योगाचा भार एकाच ठिकाणी टाकणे बरे नाही. औषधनिर्मितीत अग्रेसर असलेल्या महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या प्रयोगशाळांतही हे काम व्हायला हवे. त्यासाठी यंत्र विकत घेणे ही सोपी बाजू आहे. नळ्या वेळच्या वेळी बदलण्याचा वार्षिक खर्च, शुद्ध द्रावणे, दुरुस्तीचा करार आणि आलेख वाचू शकणारा कायमस्वरूपी रसायनतज्ज्ञ, ही अवघड बाजू. ती सोडली तर महागडे यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली धूळ खात बसते.

दुसरी गोष्ट नियामकांची. जुन्या पद्धतीवर मंजूर झालेल्या औषधाला नवी जलद पद्धत लावायची, तर दोन्ही पद्धतींचे निकाल जुळतात हे कंपनीला सिद्ध करावे लागते आणि बदलाला मान्यता मिळवावी लागते. ही खबरदारी योग्यच आहे. पण ती प्रक्रिया लांबली, की ‘चालले आहे ते चालू द्या’ हाच उद्योगाचा व्यवहारी निर्णय ठरतो. बदलाची वाट सुकर करावी आणि बदल्यात एक अट घालावी: वेळ वाचणार असेल तर नमुने वाढवा, विशेषतः साठवणीच्या शेवटच्या महिन्यांतले आणि वाहतुकीनंतरचे. उद्योगातील काहींना ही अट जाचक वाटेल. जास्त नमुने म्हणजे जास्त शंका, आणि जास्त शंका म्हणजे बॅच अडकण्याची भीती, हा त्यांचा युक्तिवाद असतो. तो अगदीच निराधार नाही. प्रत्येक मोजणीत थोडा चढउतार असतोच. पण म्हणूनच तर अधिक मोजायचे. एका आलेखावर घेतलेल्या निर्णयापेक्षा सहा आलेखांवर घेतलेला निर्णय कंपनीलाही अधिक सुरक्षित ठेवतो.

तिसरी गोष्ट माहितीची. बाजारातून उचललेल्या जैवऔषधांच्या नमुन्यांत काय आढळले, हे लोकांना कळेल अशा भाषेत नियमितपणे प्रसिद्ध व्हावे. दोष औषधात होता, कुपीत होता की वाटेतल्या उष्णतेत, हे कळले तरच दुरुस्ती योग्य जागी होते. नाहीतर प्रत्येक वेळी संशयाचे बोट कंपनीकडे जाते आणि ज्या दुकानाचा फ्रिज रात्री बंद असतो, तो तसाच सुटतो.

तोवर घरातल्या कुपीची काळजी घरातच घ्यायची आहे. नेहमी पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ वाटले, त्यात पांढरे कण किंवा धागे दिसले, किंवा ते एकदा गोठून वितळले असेल, तर ते वापरू नये. दुधाळ प्रकारचे इन्सुलिन जोरात न हलवता दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवावे. डोळ्यांनी करता येते ती तपासणी एवढीच. जे डोळ्यांना दिसत नाही, ते पाहण्याचे साधन आता पाच मिनिटांवर आले आहे. ते कारखान्याच्या दारापाशी थांबू न देता गल्लीतल्या औषधाच्या दुकानापर्यंत नेणे, हे पुढचे काम आहे.